बदमाश आजोबांचा नातू

नॉरिस टपर आमच्या नेदर स्क्विलिंग गावात नळकाम करतो. वय अडुसष्ट, अंगकाठी किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. ऐन थंडीत कुणाचा बॉयलर बंद पडला तर पायजम्यावर कोट चढवून येतो, काम करतो, आणि चहाला थांब म्हटलं की लाजून पळतो. पण उन्हाळ्यातल्या दर शनिवारी दुपारी दोनला हाच नॉरिस गालांवर खोटे कल्ले चिकटवून, उंच काळी टोपी घालून जुन्या कोळशाच्या वखारीच्या दारात उभा राहायचा आणि गावातला सर्वांत मोठा बदमाश व्हायचा.

याला कारण थ्रॉसेलबाई. युनिस थ्रॉसेल या कादंबरीकार बाई एकोणीसशे चोवीस साली चर्चमागच्या घरात राहायला आल्या, नऊ वर्षं घरोघरी गोड हसत चहा प्यायल्या, आणि मग सगळं गाव पुस्तकात घालून मोकळ्या झाल्या. नावं बदलली, पण नाकं तीच ठेवली. माझी आजी त्यात चहाडखोर पोस्टवाली म्हणून तब्बल बारा पानं आहे. पुस्तक आलं तेव्हा लोकांनी लाजेने पडदे ओढून घेतले, दोन कुटुंबं तर गाव सोडून गेली. बाई वारल्या तेव्हा दफनाला पाद्री धरून चार माणसं होती.

पुढे त्या पुस्तकावर टीव्ही मालिका निघाली, बसा भरून माणसं यायला लागली, दर शनिवारी पुस्तकातल्या पात्रांची जत्रा भरायला लागली, आणि गावाची लाज एका उन्हाळ्यात कुठल्या कुठे पळाली. आता ज्याचा आजोबा पुस्तकात जास्त नालायक, तो नातू गावात जास्त ताठ मानेने फिरतो. मीसुद्धा पोस्टात ‘तीच पोस्टवाली, तिसरी पिढी’ अशी पाटी लावली आहे. मी कुणाची चहाडी केली तर लोक तक्रार करत नाहीत, परंपरा म्हणून ऐकून घेतात.

सगळ्यांत वरचा मान कोळशाच्या व्यापाऱ्याचा. पुस्तकातला हा इसम कोळसा भिजवून वजन वाढवतो आणि चर्चमध्ये दानाच्या थैलीत पँटची बटणं टाकतो. नॉरिसचे आजोबा एबेल टपर कोळसाच विकायचे, मग आणखी पुरावा कशाला हवा? तीस वर्षं नॉरिस त्यांचं सोंग करत आला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा प्राणी त्या वेशात गरजायचा, पाहुण्यांच्या हातातली बिस्किटं पळवायचा. पोरं किंचाळायची, बाया हसून हसून रडायच्या. त्याला आयुष्यात मिळालेल्या टाळ्या तेवढ्याच.

हे खपत नसे ते फक्त त्याच्या वडिलांना. म्हातारे हर्बर्ट टपर शनिवारी दोन वाजले की वखारीवरच्या खोलीची खिडकी धाडकन लावून घ्यायचे. “माझा बाप असा नव्हता,” एवढंच म्हणायचे.

“अहो बाबा, छापलंय ते!” खालून नॉरिस ओरडायचा.

एक्याण्णवाव्या वर्षी, सहा वर्षांपूर्वी, हर्बर्ट गेले. तोवर त्यांचं वाक्य बदललं नव्हतं, आणि नॉरिसचंही.

यंदा मे महिन्यात विद्यापीठातल्या डॉ. रास्टल नावाच्या बाई नॉरिसकडे आल्या. मी टपाल द्यायला गेले होते आणि घराण्याच्या रीतीप्रमाणे थांबले.

“मिस्टर टपर, आनंदाची बातमी आहे,” त्या म्हणाल्या. “तो व्यापारी म्हणजे तुमचे आजोबा नव्हतेच! थ्रॉसेलबाईंनी बहिणीला लिहिलेलं पत्रच सापडलंय.” आणि त्यांनी वाचून दाखवलं: ‘सगळे समजतात तो टपर आहे. खरा तो धान्यवाला बिडगुड. वकिलांची कटकट नको म्हणून त्याच्या दुकानात मी कोळसा भरला. टपरने तर गेल्या हिवाळ्यात मी आजारी असताना माझी कोळशाची खोली दोनदा भरून टाकली, आणि वर म्हणाला, गाडीवाल्याचं घर चुकलं. असला माणूस माझ्या काय कामाचा? त्याला पुस्तकात घातलं तर कुणी हसणार नाही आणि कुणाला खरंही वाटणार नाही.’

नॉरिसचा चेहरा पडला. “म्हणजे आजोबा… प्रामाणिक होते?”

“अगदी!”

“कुठेच काही नाही? एखादं बटण तरी?”

“एकही नाही,” डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. “माझा ग्रंथ छापून यायला अजून दोन वर्षं आहेत. तोवर गावाला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.” पत्राची प्रत टेबलावर ठेवून त्या गेल्या.

“चुलीत घाल तो कागद,” मी म्हणाले. “दोन वर्षं मजेत काढ. त्या बिडगुडच्या नातवाला, क्लाइव्हला, कळलं ना, तर तो मेला ती टोपी घालून झोपेल.”

नॉरिस हसला नाही. “बाबांना मी काय म्हणायचो, आठवतं?”

“न आठवायला काय झालं? अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.”

“चोवीस वर्षं, डोरीन. त्यांच्या खिडकीखाली उभा राहून मी त्यांच्या बापाला चोर म्हणत होतो. आणि त्यावर टाळ्या घेत होतो.” त्याचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. मी पत्राची घडी घालून त्याच्या खिशात ठेवली.

गुरुवारी गावच्या सभागृहात जत्रेच्या समितीची बैठक होती. चहा गार, बिस्किटं मऊ. नॉरिस उभा राहिला आणि त्याने पत्र वाचलं. ते संपायच्या आतच क्लाइव्ह बिडगुड खुर्ची पाडून उठला. बिचारा तीस वर्षं ‘दुसरा दारुडा’ करत होता.

“मी म्हणत नव्हतो? आमचे आजोबाच पक्के चोर! धान्यात वाळू घालताना दोनदा पकडलेत त्यांना. कोर्टाचा कागद आहे घरी, फ्रेम करून ठेवलाय!” आनंदाने त्याला हुंदका आला. पाद्रीबाबांच्या बायकोने त्याचं अभिनंदन केलं. मग ती नॉरिसकडे वळली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस हं. कुठल्याही घराण्यात होतं असं.”

वखारीच्या दारातलं सोंग क्लाइव्हला मिळालं. नॉरिसला पिवळं जाकीट देऊन गाड्या लावायच्या मैदानावर उभं केलं. क्लाइव्हला सोंग काही जमत नाही, पळवलेली बिस्किटं तो खरोखर खातो.

पहिल्याच शनिवारी जत्रेत माझं चहाचं टेबल नॉरिसच्या शेजारीच होतं. यॉर्कहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी गाडीची काच खाली केली आणि त्याला विचारलं, “तुम्ही इथलेच का हो? मग तुमचं कोण आहे पुस्तकात?”

मी चहाची किटली खाली ठेवली.

“माझे आजोबा इथे कोळसा विकायचे,” नॉरिस म्हणाला. “एबेल टपर.”

“अगंबाई! म्हणजे तोच तो—”

“नाही. ते पुस्तकात नाहीत.”

“अरेरे,” बाई कळवळून म्हणाल्या.

“अरेरे काय?” नॉरिस एवढ्या मोठ्याने बोलला की मागच्या गाड्यांतून लोक माना बाहेर काढून बघायला लागले. “नऊ वर्षं शोधूनसुद्धा बाईंना त्यांच्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही!”