परीक्षेच्या आदल्या दिवशीचा सत्कार

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्यात जपानी भाषेची परीक्षा झाली. अमरावतीच्या आमच्या क्लासची सगळी बॅच तिला बसणार होती. प्रत्यक्षात दोघी बसल्या. बाकीचे केंद्राच्या बंद फाटकाबाहेर उभे राहिले, कारण आदल्या दिवशी त्यांना याच परीक्षेसाठी शुभेच्छा देण्याचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणे उशिरा आले.

बसलेल्या दोघींपैकी एक मी. माझ्या बसण्या-न बसण्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते. मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. शहरात जपानीचे क्लास निघत आहेत, अशी बातमी करायला गेले होते आणि बातमी छापून आल्यावरही जात राहिले. दुसरी अकोल्याच्या एका खासगी हॉस्पिटलातली स्टाफ नर्स. जपानमधल्या एका वृद्धाश्रमाने तिला निवडले होते. अट एकच होती, डिसेंबरमध्ये एन-फोर ही पातळी पास व्हायची. नाही झाली तर जागा दुसरीला जाणार होती. पुढच्या जुलैपर्यंत कोणी थांबणार नव्हते. मार्चमध्ये नोकरी सोडणार, असे तिने हॉस्पिटलात सांगून ठेवले होते आणि मेट्रनने तिच्या जागी नवी मुलगी ठरवलीही होती. म्हणजे परीक्षा गेली असती तर जपानही गेले असते आणि अकोलाही.

क्लास ज्या इमारतीत होता तिथे आधी पोलीस भरतीचा क्लास चाले, त्याआधी स्पोकन इंग्लिशचा. संचालक तेच. त्यांना जपानी येत नव्हते. नमस्कारापुरते तीन-चार शब्द येत आणि ते शब्द ते माइकवर वापरत. वर्ग पंधरा बाय वीसचा असेल, तरी माइक असे. भाषा शिकवायला पुण्याहून एक शिक्षिका ऑनलाइन येई. तिला आमचे चेहरे दिसत नसत, आम्हाला तिचा आवाज तुटक ऐकू येई, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या रांगेतून कोणीतरी पाठ केलेले उत्तर देई. संचालक स्वतः जे शिकवत ते सातत्य.

सातत्यासाठी रविवार राखून ठेवला होता. वेळापत्रकात त्या दिवशी ऐकण्याचा सराव लिहिलेला होता. एन-फोरला ऐकण्याचा भाग वेगळा असतो आणि त्यात ठरावीक गुण मिळाले नाहीत तर बाकी सगळे येऊनही माणूस नापास होतो. हे शिक्षिकेने दोनदा सांगितले. तरी रविवारी वक्ता येई. एकदा एक विमा एजंट आले. एकदा अकोल्याचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले. जपानी माणूस कधीच थकत नाही, असे त्यांनी सांगितले. ते जपानला गेलेले नव्हते. वक्त्यानंतर संकल्प होत. मुले उभी राहून हात पुढे करून म्हणत की मी रोज अभ्यास करीन. मग त्या हातांचा फोटो काढला जाई, मग प्रत्येक जण तो स्टेटसला ठेवी, मग समोरच्या टपरीवर चहा होई. तोवर दुपार झालेली असे. घरी जाऊन जेवून माणूस झोपतो. संकल्पाच्या दिवशी अभ्यास केलेला मुलगा मी त्या बॅचमध्ये पाहिला नाही.

मोबाईलवर एक अ‍ॅप होते. रोज एक धडा केला की साखळी टिकते आणि पडद्यावर ज्योत पेटलेली दिसते. वर्गात सर्वांत लांब साखळी ज्याची होती त्याचा संचालकांनी शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. तो मुलगा वर्षभर पहिलाच धडा करत होता, ज्यात पाणी, चहा आणि भात हे शब्द आहेत. दुसऱ्या धड्यात चुका होतात, चुकांमुळे वेळ जातो आणि साखळी तुटण्याची भीती असते, असे त्याने मला समजावून सांगितले. तो हे गंभीरपणे सांगत होता. आणखी एकाची साखळी त्याच्या लग्नाच्या दिवशीही तुटली नव्हती. त्याच्या बहिणीने मांडवात बसून धडा केला होता. बहिणीला जपानी थोडेफार येऊ लागले होते.

नर्सची साखळी नव्हती. ती आठवड्यातून तीनदा एसटीने अकोल्याहून येई. अर्ध्या वाटेपर्यंत झोपे आणि पुढे कानात शिक्षिकेचे जुने तास ऐके. रात्रपाळी असली की चार-चार दिवस पुस्तक उघडत नसे. पाचव्या दिवशी, जिथे सोडले होते तिथून पुढे सुरू करी. खंड पडल्याबद्दल तिला काही वाटत नसे. तिला तो दिसतही नसावा. संचालकांनी तिला एकदा सगळ्यांसमोर विचारले की तुझे मोटिव्हेशन काय. ती म्हणाली की सर, काही नाही. वर्ग हसला. संचालकांनी मग अर्धा तास ध्येयावर घालवला आणि तिने त्या अर्ध्या तासात बाकाखाली पुस्तक धरून क्रियापदांचे एक पान संपवले.

बाहेर आल्यावर तिने मला सांगितले, "मले मोटिव्हेशन नाही पाह्यजे, ताई. मले जाचं हाये."

सराव ती वॉर्डात करी. अकोटकडचे एक म्हातारे पेशंट कंबरेच्या हाडासाठी पडून होते. त्यांचा हात धरून ती त्यांना जपानीत विचारी की कुठे दुखते, आणि मग तेच मराठीत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "काय वं माय, मंतर टाकून राह्यली काय?" तिने समजावले. त्यानंतर ते रोज सकाळी तिची वाट पाहत आणि ती दिसली की वॉर्डभर ऐकू जाईल असे म्हणत, "या, जपान आलं. आता कुठंकुठं दुखते ते सांगा लागते." बाजूच्या खाटांवरची माणसेही मग आपापले दुखणे तिला जपानीत विचारायला लावत. मेट्रनने याला दोनदा हरकत घेतली. संचालकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की याचा व्हिडिओ आहे का.

शुभेच्छा समारंभाची कल्पना नोव्हेंबरमध्ये निघाली. आपल्याकडे माणूस काही करायला निघाला की त्याचा सत्कार होतो. करून आल्यावर होईलच याची खात्री नसते, कारण करून येईलच याची खात्री नसते. त्यामुळे सत्कार आधी उरकतात. मी डेस्कवर अशा बातम्या वर्षानुवर्षे लावल्या आहेत: स्पर्धेला निघालेला संघ, परदेशी निघालेला मुलगा, शस्त्रक्रियेला निघालेले अध्यक्ष. परत आल्याची बातमी क्वचित येते.

संचालकांना एक लोकप्रतिनिधी हवे होते. त्यांना परीक्षेच्या आदल्या शनिवारीच वेळ होता. पत्रिकेत दुपारी चारची वेळ छापली. पुण्याची गाडी संध्याकाळची होती, आणि अर्ध्या तासात कार्यक्रम आटोपून सगळे मिळून स्टेशनवर जायचे ठरले. ही योजना संचालकांनी वर्गात मांडली तेव्हा कोणी हरकत घेतली नाही. चारचा कार्यक्रम चारला सुरू झालेला त्या खोलीतल्या एकाही माणसाने आयुष्यात पाहिला नव्हता. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

शनिवारी साडेतीनला मुलांना फेटे बांधले. फेटे बांधणारा एकच होता, म्हणून ते पाचपर्यंत चालले. आईवडील आले होते. दर्यापूरहून, परतवाड्याहून, एका मुलीचे मामा यवतमाळहून. मंचावर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुले बसली आणि पायाशी आपापल्या बॅगा ठेवल्या. साहेब परतवाड्याला एका लग्नात होते. सवापाचला संचालकांनी माइकवर सांगितले की साहेब निघालेत. आमच्या पेशात निघालेत या शब्दाचा अर्थ जेवायला बसलेत असा होतो. पावणेसहाला पुन्हा सांगितले की साहेब निघालेत. मधल्या वेळात एका पालकाने जपानच्या शिस्तीवर भाषण केले.

सहा वाजता नर्स उठली. तिने फेटा डोक्यावरून उतरवला, खुर्चीवर ठेवला आणि बॅग उचलली. संचालक मंचाच्या पायरीशीच उभे होते.

"कुठं चालली?"

"गाडीले."

"अवं दहा मिनिटात येऊन राह्यले साहेब. सत्कार तुमचा हाये, आमचा नाही."

"सर, पास होऊन आली की करा ना."

"तवा साहेबाले टाइम राहीन काय?"

"तं मंग राहू द्या," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

मी बातमीसाठी म्हणून मंचावर न बसता शेवटच्या रांगेत होते, मीही उठले. संचालकांचा चेहरा माझ्याकडे वळला तेव्हा त्यात परीक्षेची काळजी नव्हती. त्यांनी विचारले की ताई, तुम्ही गेल्या तर बातमीचे काय. मी सांगितले की ऑफिसात पाठवा, फोटोसह. ते लगेच शांत झाले.

आमच्यामागे यवतमाळच्या मामांची भाची दारापर्यंत आली. तिच्या आईने तिला तिथे गाठले. मामा मुद्दाम आले आहेत, फोटो तरी होऊ दे, गाडी बडनेऱ्याला पकडता येईल, असे आई म्हणत होती. मुलीने एकदा आमच्याकडे पाहिले आणि फेटा सारखा करत परत गेली. बाहेर रिक्षा ठरवत असताना आतून माइकवर संचालकांचा आवाज येत होता. काही विद्यार्थ्यांना भाषा येते पण संस्कार येत नाहीत, असे ते सांगत होते. टाळ्या वाजल्या.

गाडी वेळेवर सुटली. बडनेऱ्याला ती थांबली तेवढा वेळ मी दारात उभी राहिले. आमच्यातले कोणी फलाटावर नव्हते. नर्सने वर पाहिले नाही. ती खिडकीशी ऐकण्याच्या सरावाचे जुने पेपर लावून बसली होती आणि प्रत्येक प्रश्नानंतर बोटाने मांडीवर उत्तराचा आकडा लिहीत होती.

अकोल्याला तिचे वडील डबा घेऊन आले होते. शहराबाहेर त्यांचा भाजीचा मळा आहे. मेथी-पालक घेऊन ते रोज पहाटे मंडीत जातात. मुलीचा अमरावतीत मोठ्या माणसाच्या हातून सत्कार आहे, हे त्यांनी मंडीत सगळ्यांना सांगितले होते. डबा खिडकीतून देताना त्यांनी आधी तेच विचारले.

"झाला काय वं सत्कार?"

"झाला, बाबा."

"फोटो?"

"ते पाठवतीन."

त्यांनी मान हलवली. भाकरी खाऊन घे, पुण्याचे पाणी बाटलीतलेच पी, असे सांगितले आणि गाडी हलल्यावर थोडे सोबत चालले. तिने डबा उघडला, अर्धा मला दिला आणि पुन्हा कानात वायर घातली. 

पुढचे मला इतरांकडून कळले आणि तीन जणांनी सारखेच सांगितले. साहेब साडेसातला आले. त्यांनी जपानचा उल्लेख चीन असा दोनदा केला. प्रत्येकाला शाल, नारळ आणि साहेबांबरोबर फोटो मिळाला. मग संचालकांनी दोन मोठ्या गाड्या ठरवल्या. निघायच्या आधी फोटो बरोबर आले नाहीत म्हणून काही पुन्हा काढले. वाटेत एका ठिकाणी ट्रक उलटल्याने रस्ता बंद होता. गाड्या केंद्रावर पोचल्या तेव्हा फाटक बंद होऊन बराच वेळ झाला होता. आत सोडा म्हणून संचालकांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी तो उचलला नाही.

त्याच सकाळी आमच्या दैनिकात बातमी आली होती. जपानी भाषेच्या परीक्षेसाठी विद्यार्थी रवाना, असे शीर्षक होते आणि खाली फेटेवाल्यांचा फोटो. ती माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने लावली होती. तीत साहेबांचे भाषण दोन परिच्छेद होते. विद्यार्थ्यांचे नाव एकाचेही नव्हते. सोमवारी मी कार्यालयात सांगितले की ते पोचलेच नाहीत. मुख्य उपसंपादक म्हणाले की रवाना झाले होते ना, मग चूक काय. खुलासा छापला गेला नाही.

क्लासच्या ग्रुपवर संचालकांनी रविवारीच लिहिले की अपयश हीच खरी प्रेरणा आहे. त्याखाली बहुतेकांनी हात जोडल्याची चित्रे टाकली. पहिला धडा करणाऱ्याने आपली साखळी अजून टिकून असल्याचे कळवले. त्याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले. नर्स त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपमधून बाहेर पडली. तिला कोणी विचारले नाही.

निकाल जानेवारीच्या शेवटी लागला. मी खालच्या पातळीची परीक्षा दिली होती, पास झाले. ती एन-फोर पास झाली. ऐकण्याच्या भागात लागतात त्याहून थोडेच जास्त गुण होते. वृद्धाश्रमाने जागा तिच्याकडे ठेवली. मार्चमध्ये तिने हॉस्पिटल सोडले आणि एप्रिलमध्ये ती गेली. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिने वडिलांना फोन करून सांगितले की तिला रात्रपाळी लागली आहे.