कॉम्प्युटरचं मागचं झाकण

बोरी बुद्रुकमध्ये कुणाला बैल घ्यायचा असो, जुना ट्रॅक्टर असो की सेकंडहँड मोटारसायकल, बरोबर मला नेतात. मला यंत्रातलं फारसं कळत नाही, संशय मात्र भरपूर येतो, आणि गावाला तेवढं पुरतं. वडिलांचं बोट धरून बैलबाजार हिंडलो, तिथंच ही सवय लागली. दात बघणारे सगळेच असतात. मी व्यापाऱ्याचं तोंड बघतो. बायकोला याचा वैताग आहे, पण गावात मान आहे आणि तो मला आवडतो, खोटं कशाला बोलू.

तर मुलीला गेम खेळायला कॉम्प्युटर हवा होता. ती जुन्नरला कॉलेजात आहे. तिथल्या चौघींची गेमची टीम होती, पुण्यात कॉलेजांची स्पर्धा होती, आणि रोज संध्याकाळी आपापल्या घरून एकत्र सराव करायचा असं त्यांचं ठरलं होतं. तिघींकडे कॉम्प्युटर होता, हिच्याकडे नव्हता. महिन्याभरात आला नाही तर हिच्या जागेवर घोडेगावची एक मुलगी घ्यायची, हेही ठरलं होतं.

खेळासाठी एवढं यंत्र कशाला, हा माझा पहिला संशय. पण पोरगी हट्ट करत नव्हती, वही दाखवत होती. कुठला कॉम्प्युटर, आत काय, सगळं लिहून काढलेलं. तिला ऑल-इन-वन हवा होता, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळं बसवलेला, कारण फ्रीज आणि बियाण्याची पोती यांच्यामध्ये जागा तेवढीच होती. मलाही तोच पटला. सुटे भाग जितके कमी, तितकी दुकानदाराला अदलाबदलीची संधी कमी! तिची अट एकच होती.

"मागचं झाकण उघडून रॅम वाढवता आली पायजे, पप्पा. हाय तेवढी या गेमला पुरत नाय. आणखी एक टाकावीच लागंल."

जुन्नरच्या दुकानात तिनंच मला नेलं. दुकानदार नमाजाला गेला होता, आम्ही बाकावर थांबलो. आल्यावर त्यानं आधी चहा सांगितला, मग मशीन पुढं ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, घ्यायच्या आधी एक सांगतो. रॅम वाढंल, डिस्क बदलंल, पण ग्राफिक्सचा भाग बदलता यायचा न्हाई. चार-पाच वर्षांनी लई जड गेम आले तर ह्ये कमी पडणार."

माझे कान टवकारले. आपल्या बैलाची खोड आपणच सांगणारा व्यापारी बाजारात सगळ्यांत धोक्याचा. तो म्हणतो, "जरा लाथ मारतो बरं का." आपण पायांकडं बघत बसतो, आणि घरी आल्यावर कळतं की बैलाला एका डोळ्यानं दिसत नाही. हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून मी मशीन फिरवून बघितलं. झाकणाच्या स्क्रूवर ओरखडे होते. आधी कुणीतरी उघडलेला माल! सापडला, म्हटलं. मुलगी काहीतरी बोलायला लागली, तिला तिथंच गप्प केलं आणि दंडाला धरून बाहेर आणलं. एसटी येईपर्यंत तिला बाजार कसा असतो ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती असं मला वाटलं. घरीही तिनं विषय काढला की मी उडवून लावायचो.

चार दिवसांनी हायवेवरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथला विक्रेता नुसती तारीफ करत होता. तारीफ करणाऱ्याचं मला काही वाटत नाही. तो किती फुगवून सांगतो याचा अंदाज असतो, तेवढं वजा करायचं. खोक्याचं सील बघितलं, खोक्यावरचा नंबर बिलाशी ताडला, स्क्रीनवर डाग शोधले, पाठीला नाक लावून जळका वास येतो का बघितलं. विक्रेता माझ्याकडं बघून हसला, हसू दे.

"मागचं झाकण उघडून दाखवता का?" मुलीनं विचारलं.

"झाकणाचं सील तोडलं तर वॉरंटी जाते, मॅडम. सगळं अपग्रेड होतं, काळजी करू नका."

"पप्पा, मॉडेलचं शेवटचं अक्षर येगळंय. माझ्या वहीत—"

"तुला काय कळतं त्यातलं? सील हाय ना?" मी चारचौघांत ओरडलो. तिनं वही मिटली. मी पैसे भरले आणि खोकं गाडीत ठेवलं.

घरी गेम सुरू झाला, पण दर थोड्या वेळानं चित्र थिजायचं. हिचा खेळाडू थिजलेला असतानाच मारला जायचा आणि बाकी तिघी हरायच्या. आठवडाभर असं चाललं. हायवेवरच्या दुकानानं माल परत घ्यायला नकार दिला. शेवटी मी कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून जुन्नरला नेला. दुसरं कुठं जाणार? तोंड दाखवायला लाज वाटत होती. दुकानदारानं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

"हितं रॅमची खाच असाया पायजे व्हती. यात बोर्डावरच चिकटवलीय. वाढवता यायची न्हाई."

"मग तुमच्याकडचा तो द्या."

"तो गेला, भाऊ." मग झाकण लावता लावता त्यानंच विचारलं, "तुमी त्या दिवशी स्क्रूचे ओरखडे बघून गेलात ना? ते तुमच्या पोरीचेच. कॉलेज सुटल्यावर दोनदा आली व्हती. म्हनली, मी सोता उघडून बघते. स्क्रूड्रायव्हर घसरला तिचा. खाच बघितली, फोटो काढला, मग म्हनली, आता पप्पांना आणते."

पोरीनं माझ्यापेक्षा कडक तपासणी केली होती, आणि मी तिच्याच हाताच्या खुणेला दुकानदाराची लबाडी समजलो होतो.

घरी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसून फोनवर बोलत होती. घोडेगावच्या त्या मुलीला ती सांगत होती, कुठल्या नकाशात कुठं लपायचं, बाकी तिघी कुठून येतात, कुणाला मागं सोडायचं नाही. शांतपणे, सगळं नीट. फोन ठेवेपर्यंत मी चादरीतलं मशीन घेऊन तसाच उभा राहिलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "त्या माणसाला ओळखता नाही आलं मला."

"त्यांना तुमी पयल्यांदाच बघत व्हता, पप्पा," ती म्हणाली. "मला कितव्यांदा बघत व्हता?"