वस्तऱ्यांचे कैवारी

हिंगणघाटात रागीट माणसांची टंचाई नाही, पण वस्तऱ्यांची बाजू घेऊन उभ्या जगावर संतापणारा माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. कापसाच्या जिनिंगमधली फिटरची नोकरी संपल्यापासून मामाजी जुने, गंजलेले वस्तरे दुरुस्त करतात. पातं घासायचं, दगडावर धार लावायची आणि सागाची, बाभळीची नाहीतर शिंगाची मूठ हाताने घडवायची. धारेची परीक्षा स्वतःच्या गालावर, तीही एकाच. दुसरा गाल पुढच्या वस्तऱ्यासाठी राखीव. माझ्या मेहुणीला बोहल्यावर घेऊन आले तेही अर्ध्या दाढीनिशी. वरमाय बघतच राहिली, तर तिलाच म्हणाले, "डाव्या गालाचा वस्तरा अजून तयार व्हायचा हाय." समुद्रपूरच्या एका गिऱ्हाइकाने वस्तऱ्याने खताची पोती फाडल्याचं कबूल केलं, तेव्हा मामाजींच्या आवाजाने गल्ली गोळा झाली. "वस्तरा हाय का विळा? तुह्या आजानं यानं दाढी केली, अन् तू पोते फाडून राह्यला?" माणसाला हाकललं, वस्तरा ठेवून घेतला. दुरुस्त झाल्यावर त्याला बोलावून समोर बसवून दाढी करायला लावली, तेव्हाच परत दिला.

आमच्याकडे जावयाला अहो-जाहो करायची रीत. मामाजी मला पहिल्या दिवसापासून "काऊन बे" म्हणत. माझ्या न्हाणीघरात प्लास्टिकचा वस्तरा दिसला, तर तो खिडकीतून फेकून देत आणि वर माझी अक्कल काढत. खरं सांगतो, वडील गेल्यावर मला हक्काने झापणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

वडिलांचा वस्तरा मी त्यांच्याकडेच दिला. त्याची म्हशीच्या शिंगाची मूठ वडिलांनी स्वतः तासली होती. पातं लखलखलं, फक्त मुठीचा सैल खिळा बदलायचा राहिला. "शिंग सुकलं हाय," मामाजी म्हणाले, "तेलात मुरू दे, मंग ठोकतो." मला मात्र तो वर्षश्राद्धाला फोटोपुढे ठेवायचा होता. "उद्याच द्या, नुसता ठेवायचाच तर आहे," मी हट्ट धरला. "ठेवाले वस्तरा असते का बे!" ते कडाडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं. हातोडीच्या हलक्याच ठोक्याला मूठ उभी तडकली.

आता माझी धडगत नाही, असं वाटलं. मामाजी कितीतरी वेळ हातातले तुकडे जुळवून बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "चूक माही झाली, जवाईबुवा. माफ करा."

नवी मूठ त्यांनी चिंचेच्या लाकडाची केली. अशी सुबक मूठ त्यांनी दुसऱ्या कुणासाठी केलेली मी पाहिली नाही. घाई माझी होती, हे मी परोपरीने सांगितलं; ते ऐकून घेतात आणि मान हलवतात. आता मी मुद्दाम खिशात प्लास्टिकचा वस्तरा दिसेल असा खोचून त्यांच्याकडे जातो. त्यांची नजर त्यावर पडते, नाकपुड्या फुलतात, आशेने मी पुढे सरकतो.

"बोला ना मामाजी काहीतरी."

"तुमाले काय बोलू, जवाईबुवा," ते म्हणतात, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझ्यासाठी खुर्ची पुसतात.