कपाटातला पासपोर्ट

मी मुलीशी एक खोटे बोललो आणि ते नऊ वर्षे लपवून ठेवले. काल कुवेतमधल्या फिंतासच्या घरातले कपाट आवरताना इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आली. तिच्या गुळगुळीत कागदाचा वास अजून टिकून होता. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात, खिडक्यांवर धूळ साचत असताना, मुलगी ती मोठ्याने वाचून दाखवी: लाल विटांचा मनोरा, नदीकाठचे शहर, समुद्राच्या पाण्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा. तिथे तिला प्रवेश मिळाला होता. फक्त व्हिसाचा अर्ज राहिला होता. तिची आई आदल्याच वर्षी गेली होती आणि या घरात एकटे उरण्याची मला धास्ती वाटे. म्हणून मी सांगितले की तिचा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे निवास परवान्याच्या, नूतनीकरणासाठी कंपनीच्या मंदूबकडे अडकला आहे. सरकारी कागदपत्रांची कामे करणाऱ्या या माणसाला कुवेतमध्ये सगळेच दोष देतात, त्यामुळे तिला शंका आली नाही. "बाबा, तुमचा मंदूब झोपलाय का? शुक्रवार लास्ट डेट आहे!" असे ती आधी हसत म्हणाली, मग रडत. पासपोर्ट कपाटात माझ्या शर्टांखाली होता. शुक्रवार गेला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, असे मी सुचवले, तेव्हा "लीव्ह इट, बाबा" एवढेच तिने उत्तर दिले. आज ती एका दवाखान्यात रुग्णांची नावे नोंदवते आणि पुस्तकाला हात लावत नाही. काल ती कामावरून आली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "बाळा, मंदूबने काही केले नव्हते. तुझा पासपोर्ट मीच लपवला होता. मला क्षमा कर."