बिनगणंगाचा मूग

ती घटना मी विसरलो, असं घरी अनेकदा सांगितलं. ते खरं नव्हतं. वीस वर्षांच्या नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, कंटेनरमध्ये गुदमरलेली माणसं बाहेर काढली. पण मी मुळापासून हादरलो तो हिरव्या मुगाच्या एका केसमध्ये. आज पन्नाशीच्या आत निवृत्त होऊन बसलोय. आता नावं सोडून बाकी सगळं सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरशहरात मी हार्बर पोलिसांत डिटेक्टिव्ह होतो. शिकायला आलो होतो, शिक्षण अर्धवट सुटलं, पुढे नागरिक झालो आणि गणवेश चढवला. आमच्या मराठी मंडळात सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनियर. त्यांच्यात मी ‘आपला हवालदार’.

बंदराला लागून तारेचं कुंपण घातलेलं मुक्त क्षेत्र होतं. कुंपणाच्या आतला माल जकातीच्या दृष्टीने अमेरिकेत आलेलाच नसे. तो तिथे उघडावा, निवडावा, नव्या पोत्यांत भरावा आणि हवा तिकडे पाठवावा. कॉफी, काजू, मिरी, तांदूळ, कडधान्यं. आसपासची राज्यं, खालची बेटं, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांचा रस्ता त्या कुंपणातून जायचा. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांत गेलेली डाळही मी आमच्या धक्क्यावर चढताना पाहिली आहे.

तिथल्या एका पॅकिंग गोदामाचे मालक मराठी, साठीला आलेले. सगळेच त्यांना काका म्हणत. मी या शहरात उतरलो तेव्हा पहिले तीन महिने त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत राहिलो. माझ्या लग्नात वडिलांच्या जागी तेच उभे होते.

त्या वसंतात काकांच्या गोदामातून इथल्या देशी किराणा दुकानात नवा मूग आला. बाहेर राहिलेल्यांनाच याचं अप्रूप कळेल. तेव्हा मिळणारा मूग जुनाट असायचा. निम्म्याला मोड येत नसत आणि न भिजणारे कडक दाणे, म्हणजे गणंग, इतके की उसळ खाताना दात सांभाळावे लागत. हा मूग मात्र दाणा न् दाणा फुगायचा. बायका एकमेकींना फोन करून सांगत होत्या. माझ्या बायकोने फडकं उलगडून मला दाखवलं, “अहो, बघा तरी! केवढे मोड आलेत. एक गणंग नाही.”

एका मंगळवारी दुपारी ऑपरेटरने फोन जोडून दिला, म्हणाला, “तुझ्या भाषेतली कोणीतरी आहे.” हॉस्पिटलात नर्स असलेल्या, मूळच्या नागपूरच्या एक ताई होत्या.

“भाऊ, या नव्या मुगाचं पाणी गुलाबी निघतंय.”

“रंग दिला असेल हो ताई. मटारला नाही का देत?”

“मुगाला रंग द्यायचा तर हिरवा देतील. गुलाबी कोण देतं? मी अख्खी पिशवी फेकून दिली. तुम्ही येऊन बघता, की मी कम्प्लेंट लिहून देऊ?”

“लिहायची गरज नाही. मी चौकशी करतो.”

नियम साधा होता. फोनची डायरीत नोंद करायची, दुकानातून नमुना घ्यायचा, सील करून लॅबला पाठवायचा. मी काय केलं? आपल्यातला कोणीही करेल तेच. ज्याच्या घरी जेवलो त्याच्या नावाने कागद कसा काढायचा? आधी वडीलधाऱ्याला विचारू. मी काकांना फोन लावला.

“काका, तुमच्या मुगाचं पाणी गुलाबी येतंय म्हणे.”

“कोण म्हणतंय?”

“ते सोडा. तुम्ही जरा बघून घ्या.”

“बघतो रे. पोत्यांची शाई उतरली असेल. रविवारी जेवायला ये, हवालदार. बायकोलाही आण.”

ताईंचं नाव सांगितलं नाही, एवढ्यावर मी स्वतःला प्रामाणिक समजलो. डायरीत ओळ लिहिली नाही.

पाच आठवड्यांनी ताई स्वतः पोलीस स्टेशनवर आल्या. ड्यूटीवरून थेट, नर्सच्या गणवेशात. पुण्याहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी त्यांच्या वॉर्डात दाखल होती. बोटं बधिर, चालताना तोल जातो, समोरचं दिसतं पण बाजूंचं अंधारतं. रोज सकाळी ती वाटीभर मोड कच्चेच खायची. कॉलेजला पळण्याआधी दुसरं काही करायला तिला वेळ नसे. पाणी तिलाही गुलाबी दिसलं होतं. आपल्या माणसाचा माल म्हणून तिने मूग फक्त आणखी एकदा धुतला. रक्तात जे विष सापडलं ते बियाण्याला कीड लागू नये म्हणून चोळतात त्या औषधातलं होतं.

“मी तुम्हाला फोन केला होता,” ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही.

मग मात्र सगळं नियमाने केलं. वॉरंट काढून गोदामाची झडती घेतली. फरशीतल्या गटाराच्या जाळीला गुलाबी थर बसला होता. मागच्या शेडमध्ये रिकामी पोती सापडली. त्यांवर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये छापलं होतं: पेरणीसाठी, खाऊ नये. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका देशाने मागवलेलं ते बियाणं. माल वाटेत असताना मागणी रद्द झाली. असा माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा. कागदावर ‘नष्ट केला’ असं होतं. विकलेला मूग वेगळा, असं काकांचं म्हणणं, आणि त्याचेही कागद होते. दुकानात किंवा आमच्या घरांत तपासायला दाणा उरला नव्हता.

चौकशीच्या खोलीत मी, माझा सार्जंट आणि टेप. काकांना त्यांचे हक्क वाचून दाखवले. वकील नको म्हणाले. तासभर इंग्रजीत तीच उत्तरं. मग थकून माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “याला सांग रे, माल चांगला होता.”

माणूस आरोप नाकारायच्या तयारीने बसलेला असतो, कौतुकाच्या नाही. हे मी नोकरीत शिकलो होतो.

“चांगला होताच,” मी म्हणालो. “इतक्या वर्षांत असा मूग पाहिला नाही. काका, एकाही पिशवीत गणंग कसा नाही?”

“अरे, बियाण्याचा माल तो! त्यात गणंग कसा निघेल?”

बोलले आणि थांबले. सार्जंटने आमच्या तोंडांकडे पाहिलं. “काय म्हणाला?”

मी उत्तर द्यायच्या आत काका बोलू लागले. “तीन पाण्यांनी धुतला होता रे, पंख्याखाली वाळवला. घरी धुतो तसाच. धुतल्यावर काय राहतं? आमच्याकडे रोज तोच शिजत होता. विष आहे असं वाटलं असतं तर तुझ्या घरात जाऊ दिला असता?”

हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याचा धुण्यावर खराच विश्वास होता.

“मग त्या मुलीला एवढं का झालं?”

“तुझा फोन आला ना. म्हटलं, आता तुम्ही येणार. शेवटची चाळीस पोती एकाच पाण्यातून काढली आणि दुकानाला देऊन टाकली. तूच म्हणालास, बघून घ्या.”

टेप फिरत होती. पण तिचं इंग्रजी भाषांतर करू शकणारा खात्यात एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी मी टाइपरायटरसमोर बसलो. बियाण्याचं वाक्य टाइप केलं, धुण्याचं केलं. फोनचं गाळलं आणि खाली सही केली. काकांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, खटला चाललाच नाही, त्यामुळे टेप पुन्हा कोणी ऐकली नाही. त्यांनी पुढे नेमलेल्या वकिलालाही फोनचं सांगितलं नाही. मला वाचवलं, की माझं नाव घ्यायची त्यांनाच लाज वाटली, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता ते नाहीत.

या केसबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं. केसने शिकवलं ते एवढंच: काकांवर माझा विश्वास होता, त्यात गैर काही नव्हतं. पण मी एक ओळ लिहिली असती तर त्या विश्वासाची परीक्षा दोन दिवसांत झाली असती आणि ती चाळीस पोती कुंपणाच्या आत राहिली असती. आपल्या माणसाची लाज राखायला मी जो मान दिला, त्याची किंमत त्या मुलीच्या हातांतून वसूल झाली.

ती परत निघाली तेव्हा मी विमानतळावर गेलो होतो. पेन्सिल धरता येत नाही म्हणून शिक्षण सोडलं होतं. ताई तिची व्हीलचेअर ढकलत होत्या.

“तुम्ही पकडलंत त्यांना,” मुलगी म्हणाली. “थँक यू. नाहीतर अजून कितीजणांनी खाल्लं असतं.”

“माझं कामच आहे ते,” मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खुर्ची गेटकडे वळवली.