केरकरमावशींचे तीन वार

बुधवार, शुक्रवार आणि रविवार या तीन वारी, सकाळी अकराच्या सुमारास, केरकरमावशी आपल्या घराचे दार सताड उघडून उंबऱ्यात उभ्या राहत. डोळे मिटलेले, हनुवटी किंचित वर, एक हात चौकटीवर. लिफ्टमधून उतरणाऱ्या परक्या माणसाला वाटावे, बाई जप करीत आहेत. प्रत्यक्षात त्या समोरच्या घरातून येणारा तळणीच्या मासळीचा वास घेत असत. समोरचे घरही त्यांचेच होते. त्यात भाड्याने मी राहत होते आणि तव्यावरचा बांगडा मीच उलटत होते. मी जन्मात मासा खाल्लेला नाही.

गिरगावातली त्यांची वाडी पाडून तिथे उंच इमारत उभी राहिली, तेव्हा मावशींच्या वाट्याला दोन घरे आली. एक लहान, त्यांच्या स्वतःच्या खोलीच्या बदल्यात. दुसरे टू बीएचके, निपुत्रिक दिरांच्या जागेच्या बदल्यात. मी ते पाहायला गेले तेव्हा माझी आठ घरे पाहून झाली होती. चर्नी रोडजवळच्या कॉलेजात दुपारचे तास, घरी दृष्टी गेलेले वडील, अण्णा. दोन तासांच्या मध्ये धावत येऊन त्यांना औषध देता येईल एवढ्या अंतरावर छप्पर हवे होते. "नॉनव्हेज नाही ना?" या प्रश्नाला आठही ठिकाणी मी काहीशा अभिमानानेच "नाही" म्हटले, आणि आठही ठिकाणी पुढच्या प्रश्नाला घर गेले. एकटी बाई आणि आजारी म्हातारा ही जोडी शाकाहारानेही पवित्र होत नव्हती.

मावशींनी अण्णांबद्दल अवाक्षर काढले नाही. रंगाचा कोरा, किंचित आंबूस वास भरून राहिलेल्या स्वयंपाकघरात त्या मला घेऊन गेल्या आणि ओट्यावरून हात फिरवीत म्हणाल्या, "मासे खातेस ना गो?"

आठ घरांत जे पुण्य पुरले नव्हते, ते नवव्या घरात आडवे येणार होते. "खाते," मी म्हटले.

"मग राहा. तीन वार तळायचं, अकराला, दार उघडं ठेवून. ही अट कागदावर नको. कागद त्यांच्याकडे पुष्कळ आहेत."

'ते' म्हणजे इमारतीत नव्याने आलेली मंडळी. अत्यंत सुसंस्कृत. दिवाळीला मिठाई पाठवीत आणि मिठाईच्या डब्याबरोबर "मावशी, वासाचं जरा बघा हं" एवढेच सुचवीत. एकेका मजल्यावरच्या जुन्या बिऱ्हाडांनी ते बघितले होते. कुणी मासळी खिडक्या लावून तळू लागले, कुणी बाहेर जाऊन खाऊ लागले. मावशी म्हणत, "सवय मोडली की मागून नियम येतो." त्यांना स्वतःला मूत्रपिंडाच्या आजारामुळे मासळी वर्ज्य होती. घरात तळले तर हात आवरणार नाही, म्हणून त्यांचा तवा माळ्यावर गेला होता. "पथ्य जिभेला सांगितलंय, नाकाला नाही," हे त्यांचे वैद्यकशास्त्र.

पहिल्या बुधवारी मी चार बांगडे आणले. बाजारातल्या कोळणीने ते साफ करून दिले. उरलेले धैर्य माझे मलाच करायचे होते. हळद, मीठ, तिखट, कोकमाचे आगळ, तांदळाचे पीठ, असा केरकरमावशींनी सहज बोलण्यात सांगितलेला क्रम मी मंत्रासारखा घोकला. तेल तापले, तुकडे तव्यावर पडले आणि समुद्राचा एक खारट, धातूसारखा उच्छ्वास घरभर पसरला.

आतल्या खोलीतून अण्णांनी विचारले, "काय शिजतंय?"

"भाडं," मी म्हटले.

त्यांनी दोनदा हुंगून पाहिले. मग म्हणाले, "नीट शिजव."

समोर मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या नाकपुड्या एकदा फुलल्या, कपाळावर एक आठी आली आणि गेली. "बरं आहे," एवढेच म्हणून त्या आत वळल्या. बांगडे मी खाली वॉचमनला दिले. पुढे तो मला पाहताच उभा राहून सलाम करू लागला, आणि इमारतीत माझी प्रतिष्ठा वाढली असा मी समज करून घेतला.

अकरा महिन्यांचा करार संपत आला तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. कुणीतरी सांगेल, वॉचमन बोलेल. नव्या करारावर सही करताना मावशी चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "माशात हिंग कोण घालतं गो?"

आमच्या घरात तेल तापले की हात हिंगाच्या डबीकडे आपोआप जातो. त्या दिवशीही गेला होता आणि मला आठवतही नव्हते.

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी..."

"पहिल्याच घासाला. नाकाच्या." त्यांनी सही केली. "खाणारे पुष्कळ बघितले मी, बाय. दारं लावून खातात. तू न खाता दार उघडं ठेवलंस. हिंग तेवढं नको."

गेल्या श्रावणात मावशी गेल्या. श्रावण त्या कडक पाळीत, तव्यालाही सुट्टी. अंथरुणावरून त्या रोज विचारीत, "गणपती जायला किती दिवस राहिले?" मी मोजून सांगत असे. तेवढे दिवस त्यांना मिळाले नाहीत.

दिवस झाल्यावर त्यांचे भाचे आले, आता दोन्ही घरांचे मालक. माणूस सज्जन. "मॅडम, मी स्वतः खातो, पण हॉटेलात. सोसायटीचं टेन्शन नको. किचनमध्ये नॉनव्हेज करत नाही, एवढं लिहून द्या. तुमचे बाबा आहेत तोवर बिनधास्त राहा."

जे उत्तर देऊनही आठ दारे मिटली होती, त्याच उत्तराने हे दार उघडे राहणार होते. मला फक्त खरे बोलायचे होते. मी पेन हातात घेतले.

"लिहून नाही देता येणार," अण्णा आतून म्हणाले. भिंतीला हात लावीत ते दारापर्यंत आले. "आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार असतो."

भाचे अण्णांच्या गळ्यातल्या जानव्याकडे पाहत राहिले. मी पेनाला टोपण लावले.

कराराचे दोन महिने उरले आहेत. दहावे घर शोधते आहे. मिळेल असे वाटत नाही. आज बुधवार. समोरच्या दाराला कुलूप आहे. तुकडे तव्यावर पडतात, आगळाचा आंबट धूर वर चढतो, पॅसेज ओलांडतो आणि त्या कुलपापाशी जाऊन थबकतो. हिंगाची डबी मी वरच्या फळीवर, हाताला लागणार नाही अशी ठेवली आहे.

आतून अण्णा विचारतात, "दार उघडं ठेवलंयस ना?"