निजामपुऱ्यातली गाडी आणि तिला लावलेलं काय काय

लेकीनं मोबाइलवर गाडीचे फोटो पाठवले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पुढे लोखंडी बुलगार्ड, टपावर कॅरियर, कपाळावर दिव्यांची माळ, दोन्ही बाजूंना चढायला पायऱ्या. मी ह्यांना म्हटलं, "अहो, विकायला काढलेल्या गाडीला एवढा साजशृंगार कशाला? काहीतरी झाकायचं असणार." हे म्हणाले, "हौस असते गं एकेकाला." ह्यांना सगळीकडे हौसच दिसते.

लेक आमची गुरांची डॉक्टर. नोकरी छोटा उदेपूरच्या पलीकडे, डोंगरात. तिथले रस्ते म्हणजे नाल्यातले गोटे नुसते. गेल्या पावसाळ्यात स्कूटरसकट ओढ्यात घसरली आणि शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं तिला बाहेर ओढलं. हे तिनं आम्हाला सांगितलंसुद्धा नाही, हातावरचं खरचटलेलं बघून मी उलटतपासणी घेतली तेव्हा बाहेर आलं. तेव्हापासून मला झोप नाही. चारही चाकांना जोर मिळणारी, फोर बाय फोर गाडी तिला हवी होती आणि नवी परवडत नव्हती. तिला रजा मिळेना म्हणून तिनं आम्हाला सांगितलं, "तुम्ही बघून या. आई हो म्हणाली की पक्की करा." झालं! म्हणजे पोर डोंगरात एकटी ज्या गाडीत बसणार, ती चांगली की वाईट ते मी ठरवायचं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. कॉपी करणारं पोर मला पाठमोरं असलं तरी कळतं. पण गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले. सगळ्यांचं सांगणं एकच होतं. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा ठीक असते, घोळ होतो तो नंतर लावलेल्या वस्तूंनी. कोण कुठे भोक पाडतो, कोण कुठली वायर कुठे जोडतो, आणि भोगतो तो पुढचा मालक.

बडोद्यातच, निजामपुऱ्यातल्या त्या बंगल्यापुढे आम्ही उतरलो, तर मालक तिशीतला मुलगा. "आवो आवो, आंटी," म्हणत पुढे आला आणि चक्क ह्यांच्या पाया पडला. हे विरघळलेच. माझ्या डोक्यात मात्र घंटी वाजली. ओळख ना देख, आणि पाया कसला पडतोस बाबा? मागून त्याची आई दारात आली. साठीच्या पुढची, सुती साडी, डावं मनगट जरा वाकडं. "अंदर आवो ने बहेन, चा पीने जाओ." मी म्हटलं, आधी गाडी, मग चहा. चहाच्या मिंधेपणात माणूस नाही म्हणू शकत नाही, एवढं मला कळतं.

मी पदर खोचला आणि सुरुवात केली. बुलगार्डचे बोल्ट हातानं हलवले, तर एक चक्क गरगर फिरला. कपाळावरच्या दिव्यांची वायर कुठे जाते ते बघत गेले, तर ती पुढच्या मोठ्या दिव्यांच्या वायरला नुसती पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेली. ना फ्यूज, ना काही. हे दिवे लावून पोरगी रात्री जंगलातून येणार आणि वायर तापून आग लागली म्हणजे? मी ह्यांना मराठीत म्हटलं, "बघा, शेंडी लावतोय."

हे मात्र खरं, की बडोद्यात मराठीचा आडोसा घेण्यासारखा वेडेपणा दुसरा नाही. इथे भाजीवालासुद्धा आपलं सगळं समजतो आणि वर "ताई, महाग नाय" म्हणतो. तरी आम्ही बडोद्याचे मराठी लोक ही खोड सोडत नाही. गुजराती माणसासमोर भाव करायचा झाला की नवरा-बायको हटकून मराठीत कुजबुजणार. मी तर कुजबुजतही नव्हते. मुलाच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, म्हणून माझा पट्टा सुरूच होता.

कॅरियर टपाला भोकं पाडून बसवलेला होता. आत बसून मी छताच्या कापडावर हात फिरवला, तर कोपऱ्यात पिवळा डाग. पाणी झिरपलेलं. पायरीवर उभी राहिले, तर ती कुरकुरली. चाकं मूळची काढून रुंद घातलेली. स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावलं तर टायर आतल्या पत्र्याला खर्रकन घासला. प्रत्येक वेळी मुलगा हसून म्हणायचा, "कंई वांधो नहीं आंटी, काढी नाखीशुं." हेही काढून टाकू, तेही काढून टाकू. इतक्या सहज कोण काढून टाकतं? मधूनमधून आई दारात यायचीच. "बहेन, चा." "बहेन, पाच मिनिट अंदर बेसो." मी दर वेळी हात हलवून नको म्हणायचे. ह्यांना मी म्हणालेसुद्धा, "ही म्हातारी बघा कशी मागे लागलीय. मला गाडीपासून लांब काढायचंय तिला. पण माझी पोर एकटी हिंडणार आहे या गाडीत, मी नाही हलायची."

एका गोष्टीचं मात्र मी कौतुक केलं. स्टिअरिंगला आणि त्याच्या मधल्या गादीला, समोरच्या डॅशबोर्डलाही, काळं चामडं शिवून घेतलेलं होतं. टाका इतका बारीक आणि सरळ, की माझ्या आईनं बघितलं असतं तर मान डोलावली असती. मी म्हटलं, "चला, एक तरी काम नीट केलंय."

ह्यांनी सोसायटीतून एक चक्कर मारली. गाडी छान चालली. इंजिनाचा आवाज स्वच्छ, चारही चाकांचा गिअर पडत होता. दिवे, कॅरियर, बुलगार्ड, सगळं उतरवून मूळची चाकं लावून द्यायला मुलगा तयार झाला. मग अडायचं तरी कशावर? मी मान हलवली आणि ह्यांनी इसार द्यायला पाकीट बाहेर काढलं.

माझे हात ग्रीसनं काळे झाले होते. मुलाच्या आईनं ते बघितलं आणि माझा दंड धरून जवळजवळ ओढतच मला आत मोरीपाशी नेलं. नळ सोडला, चांगला मोठा. आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "साबण घ्या ताई. आणि मोठ्यानं बोलू नका."

माझ्या हातातून साबण निसटला.

"मी प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधली. माहेर मराठीच. लग्न गुजरात्यात झालं, मुलाला मराठी येत नाही. केव्हाची तुम्हाला आत बोलावतेय." तिनं एकदा बाहेरच्या दाराकडे बघितलं. "गाडी घेऊ नका. अपघात झाला होता, हालोलच्या रस्त्यावर. पुढचे दोन्ही फुगे फुटून बाहेर आले. ते काही परत बसवले नाहीत. फाटलेलं दिसू नये म्हणून वर चामडं शिवून घेतलंय."

फुगे म्हणजे एअरबॅग. मी त्याच शिलाईचं कौतुक करून आले होते.

"मी त्याच्या शेजारीच बसले होते," ती म्हणाली. वाकडं मनगट तिनं पदराखाली घेतलं. "तो फुगा होता म्हणून माझा मुलगा आज बाहेर उभा आहे. तुम्ही सारखं पोर पोर करत होता, मला राहवेना. पण ताई, माझं नाव नका घेऊ. कर्ज झालंय त्याला. चिडला की महिनामहिना बोलत नाही माझ्याशी, आणि मला दुसरं कोणी नाही."

अख्खी सकाळ मी ज्या बाईवर संशय घेतला, ती ही. मला शरम वाटली. मी तिचा हात नुसता धरला आणि बाहेर आले.

गुपचूप निघून जाता आलं असतं. रंग आवडला नाही म्हटलं असतं, की संपलं. पण मग उद्या दुसऱ्या कुणाची तरी मुलगी त्या स्टिअरिंगसमोर बसली असती. मी थेट गाडीत चढले आणि मधल्या गादीवर अंगठा दाबला. आत पोकळ. पर्समधली छोटी कात्री काढली आणि एक टाका कापला. "अरे अरे, आंटी!" मुलगा धावला. तोवर मी चार कापले होते. चामडं उचकटलं, खाली फाटलेलं प्लॅस्टिक आणि मोकळा खड्डा. ह्यांनी वाकून बघितलं आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पाकीट परत खिशात गेलं.

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच त्यानं मान वळवली आणि दाराकडे बघितलं. आई तिथेच उभी होती, ओल्या हातांनी. "आंटी," तो म्हणाला, "तमने कोणे कह्युं?" कुणी सांगितलं तुम्हाला?

मग मी कंबरेवर हात ठेवले आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा गुजरातीत ओरडले, "मला कोण सांगणार? सकाळपासून बघतोयस ना मी कशी बाई आहे ती? माझा माझ्या नवऱ्यावरसुद्धा भरवसा नाही! लाज नाही वाटत, दुसऱ्याच्या पोरांना असल्या गाडीत बसवायला?"

हे बिचारे गोरेमोरे झाले. मुलाला मात्र ते पटलं. त्याची नजर दारावरून निघाली आणि खाली गेली. नवीन एअरबॅग बसवून घेतो म्हणाला. माझा काडीचा विश्वास बसला नाही.

वाटेत हे म्हणाले, "तुझी नजर म्हणजे कमाल आहे हं." मी रडू दाबत बसले होते. माझी लेक सुटली होती. त्या बाईला मात्र आता त्याच घरात जाऊन त्या मुलासाठी दुपारचा स्वयंपाक करायचा होता, आणि तो पहिला घास घेईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं होतं, त्याला कळलंय की नाही म्हणून.